सांडव्याखालची चिलापी आणि बुडबुड्यांचा पडदा

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुळशी तालुक्यातील एका लहान पाटबंधारे तलावात गावची मच्छीमार सहकारी संस्था दरवर्षी कटला, रोहू आणि मृगळ यांचे बीज सोडते. तलावात मूळचे मरळ, वांब, शिंगाळा आणि कधीतरी एखादा महसीरही मिळतो. सांडव्याखालच्या ओढ्यात गेल्या दोन पावसाळ्यांपासून चिलापी (तिलापिया) हा झपाट्याने वाढणारा परदेशी मासा दिसू लागला आहे आणि यंदा सकर हा दुसरा परका मासाही जाळ्यात आला. हे मासे वर चढू नयेत म्हणून संस्थेने सांडव्यावर जाळी बसवली, पण पहिल्याच मोठ्या पावसात ती पालापाचोळ्याने तुंबून वाहून गेली. आता संस्थेतील एका तरुणाने परदेशातील बुडबुड्यांच्या पडद्याचा, म्हणजे तळाशी टाकलेल्या नळीतून हवा सोडून केलेल्या अडथळ्याचा, व्हिडिओ दाखवला असून, तसा पडदा किंवा विजेचा सौम्य अडथळा आपल्याकडे लावता येईल का, असे संस्थेच्या सचिवांनी विचारले आहे.

मी पुण्यात राहतो आणि गेली बावीस वर्षे भीमेच्या खोऱ्यातील गोड्या पाण्याच्या माशांची पाहणी आणि तलावांच्या व्यवस्थापनाचा सल्ला हेच काम करतो. तुम्ही सांगितलेल्या जागी, म्हणजे उघड्या सांडव्याखालच्या डोंगरी ओढ्यात, यांपैकी कोणताही अडथळा लावू नये असे माझे मत आहे. मात्र नुसता नकार देऊन तुमचे काम होणार नाही. हे अडथळे कसे चालतात ते कळले, की तुमच्या तलावासाठी काय करता येईल तेही त्यातूनच निघते, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी प्रश्नच जरा वेगळ्या शब्दांत मांडू. तुमची जाळी मासे अडवू शकत नव्हती म्हणून पडली नाही. पालापाचोळा आणि पुराचे पाणी तिला पार करता येत नव्हते म्हणून पडली. वीज, आवाज, बुडबुडे, प्रकाश, पाण्यात सोडलेला कर्बवायू (कार्बन डायऑक्साइड) हे सगळे अभौतिक अडथळे नेमक्या याच अडचणीतून जन्माला आले. पाण्याला, बोटीला किंवा कचऱ्याला वाट द्यायची आणि मासा तेवढा परतवायचा, हे त्यांचे उद्दिष्ट. त्यामुळे असा अडथळा सुचवण्यापूर्वी मी नेहमी तीन गोष्टी विचारतो: कशाला जाऊ द्यायचे आहे, कोणता मासा अडवायचा आहे आणि तो कोणत्या दिशेने येणार आहे. तुमच्याकडे तिसऱ्याचे उत्तर अनुकूल आहे, पहिल्याचे अवघड आहे आणि दुसऱ्याचे तर प्रतिकूलच आहे.

या विषयातले सर्वांत मोठे उदाहरण अमेरिकेत शिकागोजवळ आहे. तेथील जहाजवाहतुकीचा कालवा १९०० साली सुरू झाला आणि त्याने मिशिगन सरोवर मिसिसिपीच्या खोऱ्याला जोडले. सिल्व्हर कार्प आणि बिगहेड कार्प हे आशियाई मासे १९७० च्या दशकात अमेरिकेच्या दक्षिण भागात आणले गेले, तळ्यांमधून नद्यांत निसटले आणि उत्तरेकडे सरकू लागले. कालव्यात मालवाहू तराफ्यांची सतत ये-जा असल्याने तेथे जाळी किंवा भिंत घालणे शक्य नव्हते. म्हणून रोमियोव्हिल येथे, सरोवरापासून सुमारे ६० किलोमीटर अलीकडे, कालव्याच्या तळाशी विद्युतअग्रे (इलेक्ट्रोड) बसवून पाण्यात विजेच्या स्पंदांचे क्षेत्र निर्माण केले गेले. पहिला प्रायोगिक अडथळा २००२ साली सुरू झाला आणि पुढे २००९ व २०११ मध्ये त्यात आणखी दोनांची भर पडली.

या क्षेत्राची तीव्रता तेथे दर इंचाला सुमारे २.३ व्होल्ट, म्हणजे दर सेंटीमीटरला साधारण ०.९ व्होल्ट ठेवली जाते. माशाला बसणारा धक्का डोक्यापासून शेपटीपर्यंतच्या विद्युतदाबातील फरकावर अवलंबून असतो. साठ सेंटीमीटरच्या कार्पच्या अंगावर हा फरक सुमारे ५४ व्होल्टचा पडतो, तर पाच सेंटीमीटरच्या पिल्लाच्या अंगावर जेमतेम साडेचार व्होल्टचा. मोठा मासा मागे फिरतो किंवा गुंगतो आणि लहान मासा त्याच पाण्यातून निघून जाऊ शकतो. लहान मासेही अडावेत म्हणून तेथे तीव्रता वाढवावी लागली होती. तुमच्या ओढ्यातली चिलापी बहुतांशी बोटभर ते वीतभर लांबीची असणार. तिला अडवण्याइतके तीव्र क्षेत्र ठेवले, तर मधून जाणाऱ्या हातभर शिंगाळ्याची काय गत होईल ते तुम्हीच पाहा.

विजेच्या अडथळ्याच्या आणखी दोन मर्यादा शिकागोत उघड झाल्या. तराफ्यांच्या पोलादी तळामुळे विद्युतक्षेत्र विस्कटते, आणि दोन तराफ्यांच्या मधल्या पाण्याबरोबर लहान मासे ओढले जाऊ शकतात. हे तुम्हाला लागू नाही. दुसरी मर्यादा मात्र लागू आहे: वीज बंद झाली, की अडथळा नाहीसा होतो. डिसेंबर २००९ मध्ये देखभालीसाठी एक अडथळा बंद ठेवायचा होता, तेव्हा त्या काळात मासे निसटू नयेत म्हणून कालव्याच्या काही किलोमीटर भागात रोटेनोन हे मत्स्यविष सोडण्यात आले. जूनच्या वादळी पावसात मुळशीच्या खोऱ्यात वीज किती वेळ टिकते, हे मी तुम्हाला सांगायला नको. आणि मासे चढतात ते नेमके त्याच रात्रींना.

येथे एक बाब अगदी स्पष्ट लिहितो. घरगुती जोडणीवरून तार ओढून ओढ्यात ‘सौम्य’ वीज सोडण्याचा विचार कोणी करत असेल, तर तो आजच सोडून द्या. माशांसाठी वापरली जाते ती नियंत्रित, अतिशय अल्पकाळाच्या स्पंदांची एकदिश वीज असते. घरातली प्रत्यावर्ती वीज ओल्या पात्रात माणसाचा आणि जनावराचा जीव घेते. ओढ्यावर कपडे धुणाऱ्या बायका आणि पाणी प्यायला उतरणारी गुरे यांच्यासाठी त्या तारेत सौम्य असे काही नसते.

दिशेबद्दल मी तुमची बाजू अनुकूल म्हटली, ती का? विजेचा अडथळा प्रवाहाविरुद्ध चढणाऱ्या माशालाच नीट अडवतो. चढणारा मासा गुंगला, की पाणी त्याला पुन्हा खाली नेऊन सोडते. उतरणारा मासा गुंगला, तर तेच पाणी त्याला अडथळ्याच्या पलीकडे पोहोचवते. धरणातून कालव्यात मासे उतरू नयेत म्हणून वीज वापरावी का, अशी विचारणा माझ्याकडे एकदोनदा झाली आहे आणि तेथे मी याच कारणाने नाही म्हटले. तुमचे मासे खालून वर येणार आहेत, एवढाच काय तो दिलासा.

आता आवाजाकडे वळतो, कारण माझ्या मते तुमच्या प्रश्नाचा खरा गाभा येथे आहे. सिल्व्हर कार्प बोटीच्या मोटरच्या आवाजाने पाण्याबाहेर उड्या मारतो, हे अनेकांनी पाहिले असेल. कार्प कुळातील माशांमध्ये वाताशय (पोटातली हवेची पिशवी) आणि अंतर्कर्ण यांना जोडणारी लहान हाडांची साखळी असते आणि तिच्यामुळे त्यांना इतर अनेक माशांपेक्षा बारीक आणि उंच पट्टीचे आवाज ऐकू येतात. याच गुणाचा उपयोग करून केंटकी राज्यातील बार्कली धरणाच्या जहाजद्वाराशी २०१९ साली आवाज, बुडबुडे आणि प्रकाश यांचा एकत्रित अडथळा चाचणीसाठी बसवला गेला. कल्पना उत्तम आहे, कारण तेथे नको असलेला मासाच तीक्ष्ण कानांचा आहे.

आपल्याकडे नेमके उलटे आहे. ती हाडांची साखळी कटल्याला आहे, रोहूला आहे, मृगळाला आहे, महसीरला आहे आणि शिंगाळ्यालाही आहे. चिलापीला ती नाही. म्हणजे ओढ्यात असा ध्वनिवर्धक लावला, तर तुमचे आणि नदीचे मूळचे मासे आधी बिचकतील, आणि ज्या माशासाठी हा सगळा खटाटोप, त्याला त्या आवाजातले बरेचसे ऐकूच येणार नाही. सकर शिंगाळ्याच्याच गणातला असल्याने त्याला काही ऐकू येईल, पण त्याला परतवण्यासाठी महसीर परतवणे हा सौदा मला मान्य नाही. शिवाय भरून वाहणाऱ्या सांडव्याखाली पाणी स्वतःच इतके गर्जत असते, की त्यावर मात करणारा आवाज सोडायचा तर फार मोठी यंत्रणा लागेल. आणि जो आवाज रोज येतो पण ज्याने कधीच काही बिघडत नाही, त्याला मासे सरावतात, हा निराळाच प्रश्न.

बुडबुड्यांच्या पडद्याविषयी तुमचा तरुण सहकारी उत्साही आहे आणि त्याला नाउमेद करण्याची माझी इच्छा नाही. पण त्याने पाहिलेला व्हिडिओ बहुधा ॲम्स्टरडॅममधील असावा. तेथे २०१९ साली कालव्यात तिरका बसवलेला बुडबुड्यांचा पडदा प्लास्टिकचा कचरा एका कडेला ढकलण्यासाठी आहे आणि मासे त्यातून जा-ये करू शकतात, हे त्याचे बलस्थान मानले जाते. माशांसाठीचे पडदे वेगळे असतात, पण त्यांनाही खोल आणि संथ पाणी लागते. साधा हिशेब करून पाहू. हवेचा बुडबुडा पाण्यात सेकंदाला साधारण २५ सेंटीमीटर वर चढतो. तुमच्या ओढ्याची खोली अर्धा मीटर धरली, तर तो दोन सेकंदांत वर येईल, आणि पावसाळ्यात पाण्याचा वेग सेकंदाला एक मीटर धरला, तर तेवढ्या वेळात तो दोन मीटर खाली वाहून गेलेला असेल. म्हणजे पडदा उभा राहणारच नाही. तो तळाशी अंथरलेल्या चादरीसारखा आडवा पडेल आणि मासा त्याच्यावरून किंवा कडेने निघून जाईल.

हे मी केवळ कागदावर सांगत नाही. काही वर्षांपूर्वी पौड रस्त्याच्या बाजूच्या एका खासगी तळ्यात, मुख्य तळे आणि बीजसंगोपनाचा हौद यांच्यामधील चरात मी स्वतः बुडबुड्यांची नळी बसवली होती. पाणी संथ होते, खोली दीड मीटर होती, वीज भरवशाची होती, म्हणजे परिस्थिती तुमच्यापेक्षा कितीतरी बरी. पहिले तीन आठवडे चिलापी पलीकडेच राहिली आणि मी खूश झालो. मग नळीची छिद्रे गाळाने आणि शेवाळाने बुजू लागली, पडद्यात मधे मधे खिडक्या पडल्या, आणि दर आठवड्याला नळी उचलून घासणे हे तळ्यावरील माणसाच्या मागे एक नवे काम लागले. एप्रिलमध्ये तर कहरच झाला. पाणी तापले, पहाटे त्यातला प्राणवायू घटला, आणि तळ्यातील मासे हवेच्या ओढीने त्याच बुडबुड्यांभोवती गोळा होऊ लागले. ज्याला मी कुंपण समजत होतो, तो त्यांचा पाणवठा झाला होता. दोष यंत्राचा नव्हता. उन्हाळ्याचा विचार मी केला नव्हता.

प्रकाशाच्या झोतांबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. लुकलुकणारे दिवे स्वच्छ पाण्यात रात्री काही माशांना बिचकवतात. आषाढातल्या तांबड्या गढूळ पाण्यात तो प्रकाश हातभरही पोहोचत नाही. कर्बवायूचा उपाय अमेरिकेत गंभीरपणे अभ्यासला गेला आहे आणि २०१९ साली तेथे कार्पविरोधी वापरासाठी त्याची अधिकृत नोंदणीही झाली. त्यात पाण्यातील कर्बवायूची पातळी इतकी वाढवतात, की मासे तो भाग टाळतात. लिटरला १०० मिलिग्रॅम ही पातळी धरली आणि तुमच्या ओढ्यातून सेकंदाला एक घनमीटर पाणी वाहते असे मानले, तर सेकंदाला १०० ग्रॅम, म्हणजे दिवसाला साडेआठ टनांहून अधिक वायू लागेल. शिवाय सकर आणि थाई मांगूर हा आणखी एक परदेशी मासा हवेतूनही श्वास घेऊ शकतात.

यापुढचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. शंभरातले पंचाण्णव मासे अडवले, तर सिल्व्हर कार्पच्या बाबतीत तो मोठा फायदा असतो, कारण त्याला वाढायला नदीचा लांब वाहता पट्टा आणि पुरेसे नर-माद्या लागतात. चिलापी तशी नाही. १९५२ साली भारतात आणल्या गेलेल्या मोझांबिक चिलापीची मादी अंडी आणि पिल्ले तोंडात सांभाळते. अडथळा चुकवून वर गेलेली एकच मादी एक अख्खी पिढी तोंडात घेऊन जाऊ शकते. त्यामुळे गळका अडथळा तिच्या बाबतीत फार तर थोडा उशीर करतो. उजनीच्या जाळ्यांत तिचे राज्य झाले, त्यामागेही हीच जीवनरीत आहे.

आणि तुमच्या ओढ्याला चढणीचे मासे येतात. पहिल्या पावसाबरोबर प्रवाहाविरुद्ध चढून उथळ पाण्यात अंडी घालणारे हे मूळचे मासे जून-जुलैच्या त्याच दहा-पंधरा दिवसांत वर जातात, ज्या दिवसांत तुमचा अडथळा चालू असायला हवा. वीज, बुडबुडे किंवा आवाज यांना मासा ओळखता येत नाही. त्यांना लांबी कळते, कानांची तीक्ष्णता कळते, पोहण्याची ताकद कळते, आणि यांपैकी पहिल्या दोन मोजमापांवर आपले अनेक मूळचे मासे चिलापीच्या आधी अडकतात. थाई मांगुराबद्दल तर बोलायलाच नको. २००० सालापासून बंदी असलेला हा मासा ओल्या रात्री जमिनीवरूनही सरकतो, आणि ओढा पात्र सोडून भातखाचरांतून वाहू लागला, की पात्रातल्या कोणत्याही अडथळ्याला वळसा घालून जाणे इतर माशांनाही जमते.

असे अडथळे निरुपयोगी आहेत असे मी म्हणत नाही. अरुंद, खोल, संथ, सरळ कडांचा आणि एकच वाट असलेला मार्ग असेल, वीज अखंड असेल, देखभालीला माणूस असेल आणि अडवायचा मासा मूळच्या माशांपेक्षा खरोखर वेगळा असेल, तर मी त्यांचा विचार करीन, तोही एकट्याने नव्हे. इलिनॉयमध्ये जोलिएटजवळ ब्रँडन रोड येथे आखलेल्या प्रकल्पात वीज, आवाज आणि बुडबुडे यांचे थर एकामागे एक योजले आहेत, कारण एकावर भरवसा नाही. आणि त्याचा अंदाजित खर्च एक अब्ज डॉलरच्या वर आहे.

मग तुम्ही काय करावे? आधी ती चिलापी वर तलावात पोहोचलेली नाही याची खात्री करा. एप्रिल-मेमध्ये पाणी मागे सरकले, की काठालगतच्या उथळ भागात ताटाएवढे गोल खळगे दिसतात का ते पाहा. ती चिलापीच्या नरांनी केलेली घरटी असतात. बांधाच्या पाण्याकडच्या मातीत आडवी बिळे दिसली, तर सकरचा संशय घ्या आणि त्याकडे बांधाच्या सुरक्षिततेसाठीही लक्ष द्या. यांपैकी काही आढळले, तर सांडव्यावरचा सगळा विचार बाजूला ठेवून जाळ्याने काढणी सुरू करावी लागेल.

दुसरी वाट बिजाची. माझ्या अनुभवात चिलापी ओढ्यातून चढून येण्यापेक्षा मत्स्यबीजाच्या पिशवीतून अधिक वेळा येते, आणि त्या वाटेवर जगातील कोणताही बुडबुडा काम करत नाही. प्रत्येक खेपेतील काही पिशव्यांतले बीज पांढऱ्या ताटात ओतून पाहा. चिलापीच्या पिल्लाच्या अंगावर उभे पट्टे असतात, पाठीच्या पराच्या मागच्या भागावर एक काळा ठिपका असतो, आणि तो पर काटेरी असतो. एकही सापडले, तर ती खेप घेऊ नका, पुरवठादार कितीही ओळखीचा असला तरी.

तिसरी गोष्ट सांडव्याची. चिलापीला उडी मारायला खाली खोल पाणी लागते. सांडव्याच्या कडेला पुढे आलेला ओठ आणि त्याखाली पाण्यापासून मोकळी उभी झेप राहिली, तर कोणत्याही यंत्राशिवाय ती अडते आणि पालापाचोळा वरून निघून जातो. यासाठी पाटबंधारे विभागाची परवानगी घ्यावीच लागेल, कारण सांडव्याची वहनक्षमता कमी होता कामा नये. ओठामुळे चढणीचे मासेही अडतात, म्हणून त्याच्या जोडीला सांडव्याखाली हंगामी सापळा लावा. गावातील लोक त्या दिवसांत तेथे मासे धरायला बसतातच. त्यांच्यापैकी दोघांना संस्थेने रोजंदारी द्यावी, सापळ्यातले मूळचे मासे हाताने वर तलावात सोडावेत आणि चिलापी कालवणात जावी. सकर आणि थाई मांगूर मात्र जिवंत परत पाण्यात जाऊ देऊ नयेत. अमेरिकेत समुद्री लँप्रे या इतर माशांना चिकटून त्यांचे रक्त शोषणाऱ्या वांबीसारख्या माशासाठी काही बांधांवर असेच पकडून निवडण्याचे काम चालते, आणि मासा ओळखून अडवणारी पद्धत मला आजवर एवढीच माहीत आहे.

सांडव्याचा ओठ किती उंच ठेवायचा, ते पूर किती चढतो यावर ठरेल. ओढ्यात पाणी फुगून सांडव्याच्या खालची पातळी वरच्या पातळीला भिडत असेल, तर झेप उरतच नाही आणि त्या दिवशी सगळी भिस्त सापळ्यावरच्या माणसांवर राहते. म्हणून या पावसाळ्यात काही बांधू नका. सांडव्याच्या भिंतीवर फुटाफुटावर रंगाच्या खुणा करा, मोठ्या पावसाच्या दिवशी खालचे पाणी कोणत्या खुणेपर्यंत आले ते तारखेसह वहीत लिहा, आणि दिवाळीनंतर ओढा आटला, की सांडव्याखालच्या डोहाची खोली काठीने मोजा. हे दोन आकडे हातात आले, की पाटबंधारे विभागाच्या अभियंत्यांपुढे ओठाची उंची इंचांत मांडता येईल.